दुसरी पिशवी

भाषेच्या हिशेबाने मराठी बाईच्या ओटीपोटात दोन पिशव्या असतात. एक गर्भपिशवी, दुसरी लघवीची. बोलण्यात पुढचा शब्द गळून पडतो आणि नुसती ‘पिशवी’ उरते. ‘तिची पिशवी काढली’ म्हटल्यावर कोणती, असं कुणी विचारत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन झालं की पलंगाच्या कडेला लघवी जमवणारी प्लॅस्टिकची तिसरी पिशवी लटकते. भेटायला आलेली माणसं नारळपाणी पुढे करतात, तब्येत विचारतात आणि त्या पिशवीवरून नजर अलगद बाजूला नेतात. पहिलीचा विषय ऑपरेशनच्या टेबलावर मिटतो. तिसरी बहुधा आठवड्या-पंधरवड्यात निघते. दुसरीचं काय झालं, हे मात्र पुष्कळदा महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही. तिची मालकीणसुद्धा विचारत नाही, कारण तिला काही जाणवतच नसतं.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी होणारं ऑपरेशन म्हणजे नेहमीचं ‘पिशवीचं ऑपरेशन’ नव्हे. अंगावरून जास्त जातं म्हणून किंवा गाठी आहेत म्हणून गर्भाशय काढतात, तेव्हा सर्जन त्याच्या अगदी अंगालगत कापत जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या ज्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये गदारोळ झाला, ती या जातीची. त्या बायकांचे प्रश्न गंभीरच आहेत, पण निराळे. तिथे लघवीच्या पिशवीच्या नसा सहसा जागच्या जागी राहतात. कॅन्सरच्या ऑपरेशनला रॅडिकल हिस्टरेक्टमी म्हणतात. त्यात गर्भाशयाबरोबर त्याला दोन्ही बाजूंनी आणि मागून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, योनीचा वरचा साधारण २ सेंटीमीटर भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही काढतात, कारण हा कॅन्सर मुखावरून आजूबाजूला सरकतो तो याच पट्ट्यांमधून. त्यामुळे शेजारीण जेव्हा म्हणते, ‘माझीपण पिशवी काढली होती, महिन्यात भाकऱ्या थापायला लागले,’ तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिचं ऑपरेशनच वेगळं होतं.

गाठ ४ सेंटीमीटरपर्यंत असेल आणि कॅन्सर त्या पट्ट्यांमध्ये शिरलेला नसेल, तरच साधारणपणे हे ऑपरेशन करतात. त्यापुढे रेडिएशन आणि त्यासोबत आठवड्याला केमो. आधी केमोने गाठ लहान करून मग ऑपरेशन केलं तर, ही वाटही मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सहाशेहून अधिक बायकांवर तपासून पाहिली गेली. २०१८ मध्ये निकाल आला, आणि कॅन्सर परत न येण्याच्या बाबतीत थेट रेडिएशन-केमोच सरस ठरली. हे इथे सांगायचं कारण, ‘काढून टाका एकदाचं’ हा घरच्यांचा आग्रह पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी होतो. ऑपरेशन करून वर रेडिएशनही द्यावं लागलं, तर लघवीच्या पिशवीला दोन्हीकडून मार बसतो.

नसांचं गणित असं आहे. जुन्या वाड्यात विजेच्या वायरी तुळईला पट्ट्या मारून नेलेल्या असतात. तुळईला वाळवी लागली म्हणून ती काढायला गेलं की वायरीही हाताशी येतात. गर्भाशयामागून त्रिकास्थीकडे, म्हणजे कंबरेच्या खालच्या सपाट हाडाकडे, जाणाऱ्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाने नसांचा एक जुडगा उतरतो. तो येतो पाठीच्या कण्याच्या मधल्या भागातून, आणि ‘भरू दे, सैल राहा, दार मिटून घे’ असा त्याचा निरोप असतो. दुसरा जुडगा निघतो त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या छिद्रांतून आणि बाजूच्या जाड पट्टीच्या तळातून पुढे सरकतो. ‘आता आवळ, रिकामी हो’ हा त्याचा निरोप. दोन्ही जुडगे योनीच्या बाजूला एका जाळ्यात मिसळतात आणि तिथून पुढे पिशवीकडे जातात. पिशवी भरत आल्याची खबर वर नेणारे धागेही याच वाटेने परत येतात. बाहेरच्या दाराची, म्हणजे आपण ठरवून आवळतो त्या स्नायूची नस मात्र वेगळ्या रस्त्याने, हाडाच्या कडेने खालून येते आणि ऑपरेशनमध्ये शाबूत राहते. म्हणूनच ऑपरेशन झालेल्या बाईची स्थिती विचित्र होते. रोखून धरणं तिच्या हातात असतं, सोडणं मात्र नसतं.

व्हिएन्नात वेर्टहाइमने १८९८ मध्ये हे ऑपरेशन पोटातून करायला सुरुवात केली, तेव्हा बाई टेबलावरून जिवंत उठणं हीच मोठी गोष्ट होती. लघवीची चिंता नंतरची. क्योतोच्या ओकाबायाशीने १९२१ मध्ये आणखी रुंद कापण्याची रीत मांडली. कॅन्सर चांगला निघायचा, पिशवी मात्र निकामी व्हायची. मग जपानमध्येच तोक्योच्या कोबायाशीने १९६१ च्या सुमारास नसा वाचवायचा विचार पुढे आणला. बाजूच्या पट्टीचा वरचा भाग रक्तवाहिन्यांचा आणि तळाचा नसांचा, तर वरचा काढा आणि तळाचा राखा, असा त्याचा सरळ हिशेब. पट्टीत खोलवर एक शीर असते, तिच्या खाली नसा सुरू होतात. ती शीर सर्जनची खूण. पुढे २००७ मध्ये क्योतोच्याच फुजीने त्या जाळ्यातल्या पिशवीकडे जाणाऱ्या फांद्या एकेक सुट्या करून दाखवल्या. आज ‘नर्व्ह स्पेअरिंग’ हा शब्द आपल्याकडच्या कॅन्सर सर्जनांच्याही तोंडी असतो. ऑपरेशनआधी तो उच्चारून विचारायला हरकत नाही: ‘नसा वाचवता येतील का? दोन्ही बाजूंच्या की एकाच?’ एका बाजूच्या वाचल्या तरी फरक पडतो.

२०२४ मध्ये आलेल्या शेप नावाच्या अभ्यासाने तर मुळावरच बोट ठेवलं. गाठ २ सेंटीमीटरपर्यंत आणि फार खोल न गेलेली, अशा ७०० बायका. निम्म्यांचं रॅडिकल ऑपरेशन केलं, निम्म्यांचं साधं, लसिकाग्रंथी दोघींच्याही तपासल्या. ३ वर्षांत ओटीपोटात कॅन्सर परतण्याचं प्रमाण रॅडिकलमध्ये २.१७ टक्के, साध्यात २.५२ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखंच. लघवी तुंबण्याची तक्रार ४ आठवड्यांनंतर रॅडिकलमध्ये ९.९ टक्के, साध्यात ०.६ टक्के. गळण्याची ११ आणि ४.७. पण २ सेंटीमीटरची गाठ त्रास देत नाही, तपासणी केली तरच सापडते. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३० हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरमागचा विषाणू; त्याच्या आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने पुढच्या टप्प्यातले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. लघवीच्या पिशवीचा सगळ्यात स्वस्त इलाज म्हणाल तर तो हा. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं त्यांना त्याचा उपयोग नाही, म्हणून पुढे जाऊ.

भूक लागते, तहान लागते, झोप लागते, उचकी लागते. लघवीला लागते. या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला लागतात, येऊन भिडतात. धडधाकट बाईच्या पिशवीत १५०–२०० मिलिलिटर जमलं की पहिली चाहूल लागते, ३००–४०० ला स्पष्ट कळतं, ५०० च्या आसपास ती घरभर बाथरूम शोधते. रॅडिकल ऑपरेशननंतर हे ‘लागणं’च हरवतं, आणि ते हरवलंय हे कळायला काही साधन उरत नाही. पाय बधिर झाला तर चालताना कळतं. पिशवी बधिर झाली तर नुसतं शांत वाटतं.

ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘लघवी होते का?’ ती म्हणते, ‘होते.’ प्रश्नही खरा, उत्तरही खरं, आणि कागदावर ‘तक्रार नाही’ अशी नोंद. खरं तर विचारायचं ते वेगळं. लागते म्हणून जाता की वेळ झाली म्हणून? बसल्यावर धार सुरू व्हायला किती वेळ लागतो? पोट दाबावं लागतं का, कुंथावं लागतं का? धार एकसंध की तुटक? उठल्यावर पाच मिनिटांत पुन्हा थोडी होते का? रात्रीत शेवटची कधी आणि सकाळची पहिली किती? बाईने विचारायची वाट न बघता हे सगळं आपणहून सांगावं. ‘बाथरूमला होऊन येते’ या सोवळ्या वाक्यात यातलं काहीच मावत नाही.

आता ती तिसरी पिशवी. ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी बहुधा १४ किंवा १६ नंबरची फोली, म्हणजे टोकाला फुगा असलेली नळी असते. आत तिचा फुगा ५–१० मिलिलिटर निर्जंतुक पाण्याने फुगवलेला असतो. सलाइन वापरत नाहीत, कारण मिठाचे कण फुग्याच्या बारीक वाटेत बसले तर काढताना फुगा उतरत नाही. साध्या ऑपरेशननंतर नळी दुसऱ्या दिवशी निघते. इथे ५–७ दिवस, कुठे २ आठवडे, कधी नळीसकट घरी. घरी आल्यावर लक्ष ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर हवी. उचलून कमरेवर घेतली की जुनी लघवी उलटी आत जाते. ती जमिनीला टेकू नये. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधावी, नाहीतर कूस बदलताना फुगा आतल्या पिशवीच्या तोंडावर ओढला जातो. पिशवी काठोकाठ भरायच्या आत, अर्ध्या-पाऊण भरल्यावर रिकामी करावी. नळी गाठोड्याखाली किंवा बाईच्याच मांडीखाली दबली तर लघवी थांबते, आणि तासभर काही आलं नाही तर आधी हेच बघायचं.

एक रीत अजून अनेक वॉर्डांत चालते, ती मला पटत नाही. नळी काढायच्या आधी दोन-दोन तास चिमटा लावून पिशवीला ‘सवय’ लावायची. याने नळी लवकर सुटते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या बाईला लागल्याचं कळत असतं, ती निदान चिमटा काढायला सांगते. हिला कळतच नाही. शिफ्ट बदलताना चिमटा विसरला की पिशवीत ८००–१००० मिलिलिटर साठतं, आणि नुकतीच जाया झालेली ती स्नायूची भिंत ताणून आणखी ढिली पडते. एकदा असं झालं की मागची भरपाई व्हायला आठवडे लागतात.

नळी काढायचा दिवस सकाळी सुरू होतो. सहाच्या सुमारास सिस्टर सिरिंजने फुग्यातलं पाणी काढून नळी बाहेर घेते. मग बाईने तासाला ग्लासभर पाणी प्यायचं. घागरभर नाही, लवकर व्हावी म्हणून दोन लिटर पाणी पाजणाऱ्या नातेवाइकांना आवरायला हवं. ३ तासांनी, लागो न लागो, बसायचं. भारतीय संडासावर उकिडवं बसलं तर उत्तम. कमोड असेल तर पाय खाली पूर्ण टेकलेले, गरज पडल्यास पायाखाली पाट, कोपरं गुडघ्यांवर. कमोडला अंग न लावता अधांतरी उभं राहून करायची जी सवय सार्वजनिक संडासांनी आपल्या बायकांना लावली आहे, ती इथे घातक. मांड्या आवळलेल्या असताना ओटीपोटाचा तळ सुटतच नाही. झालेली लघवी मापाच्या भांड्यात घ्यायची. उठल्याबरोबर, १०–१५ मिनिटांच्या आत, सोनोग्राफीने किंवा नळी घालून मागे किती उरली ते मोजायचं. ५० च्या आत असेल तर फार छान, १०० च्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी सुट्टी. लागोपाठ दोनदा मोजलेलं बरं, कारण पहिली फेरी कधी उगाच चांगली येते. १०० च्या वर उरत असेल तर पिशवी अजून तयार नाही. ६ तासांत काहीच झालं नाही तर ‘अजून थोडी वाट बघू’ म्हणायचं नाही, रिकामी करायची. अशा बाईला ‘दुखत नाही ना?’ विचारून काही उपयोग नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत पिशवी गमतीशीर वागते. ती ढिली असावी असं वाटतं, पण पुष्कळदा ती ताठ झालेली असते. नवीन कोऱ्या रबरी फुग्यासारखी थोडक्यात दाब वाढतो, आणि तरी वेळेवर आवळत नाही. हळूहळू हा ताठपणा उतरतो आणि मग खरा ढिलेपणा दिसू लागतो. बहुतेकींची गाडी काही आठवड्यांपासून वर्षभरात बऱ्यापैकी रुळावर येते. काहींना कुंथून करायची सवय जडते. मोठा जोर लावणं, मुठीने ओटीपोट दाबणं, हे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय करू नये. त्याने लघवी वरच्या दिशेने किडनीकडेही ढकलली जाते, आणि आधार काढलेल्या तळावर भार येतो तो वेगळाच.

उरलेली लघवी काढायला पुन्हा फोली घालून महिना काढता येतो, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे गरजेपुरती नळी घालून लगेच काढणं. अमेरिकेतल्या मिशिगनचे लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये मांडलं, की नळी निर्जंतुक नसून नुसती स्वच्छ असली तरी चालते. तेव्हा ते अनेकांना पाखंड वाटलं असणार. त्यांचा तर्क असा: पिशवी तट्ट ताणली की भिंतीतला रक्तपुरवठा आटतो, आणि जंतू रुजतात ते अशा भिंतीत. म्हणून दिवसातून दोनदा निर्जंतुक नळी घालण्यापेक्षा पाचदा स्वच्छ नळी घालून पिशवी वेळेवर रिकामी करणं जास्त सुरक्षित. नळी चुकवण्यापेक्षा हात साबणाने धुऊन ती कुठेही घालणं बरं. एसटी स्टँडच्या संडासातसुद्धा.

नळी साधी, फुगा नसलेली, १० ते १४ नंबरची. बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, त्यामुळे लांबीची धास्ती नको. आधी स्वतः जेवढी होते तेवढी करून घ्यायची. मग हात साबणाने धुवायचे. उकिडवं बसून किंवा एक पाय पाटावर ठेवून, पहिले काही दिवस खाली आरसा ठेवून. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओठ बाजूला करायचे, ओल्या स्वच्छ कापडाने पुढून मागे एकदाच पुसायचं, उलटं कधी नाही. वर जो दाण्यासारखा भाग असतो तो आणि खालचं योनीचं तोंड यांच्या मध्ये लहानशी खळी दिसते, ती जागा. नळीच्या टोकाला पाण्यात विरघळणारी जेली; खोबरेल नको, व्हॅसलीन नको. श्वास सोडत नळी वर सरकवायची. ५–६ सेंटीमीटरवर लघवी येऊ लागते, तिथून अजून २ सेंटीमीटर आत. धार थांबली की लगेच ओढायची नाही. हळूहळू मागे घेताना पुन्हा थेंब पडतात, तिथे थांबायचं, कारण पिशवीच्या तळाशी उरलेलं तेव्हाच निघतं. आणि शेवटी नळीचं बाहेरचं तोंड बोटाने दाबून ती बाहेर.

सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे नळी योनीत जाते. काही येत नाही, बाई घाबरते, तीच नळी काढून पुन्हा वर घालते. असं करू नये. ती तिथेच राहू द्यावी, खूण म्हणून, आणि दुसरी स्वच्छ नळी घेऊन तिच्या वरच्या बाजूला शोधावं. दुसऱ्यांदा चूक होत नाही. अडल्यासारखं वाटलं तर रेटायचं नाही. हलकं खोकावं, खांदे सोडावेत, पुन्हा. पहिल्या दिवसांत गुलाबी छटा दिसणं चालतं, गुठळ्या चालत नाहीत. नळीवर ‘एकदाच वापरा’ लिहिलेलं असतं; आपल्याकडे खर्चापायी बायका ती धुऊन पुन्हा वापरतात. तसं करायचंच असेल तर साबणाच्या पाण्याने आतूनसुद्धा, सिरिंजने पाणी सोडून धुवावी, नुसत्या पाण्याने खळखळून घ्यावी, झटकून पूर्ण वाळवावी, कोरड्या डब्यात ठेवावी. डेटॉलच्या ग्लासात बुडवून ठेवलेली नळी स्वच्छ नसते, ती फक्त ओली असते. नळी पिवळट, कडक किंवा चिरलेली दिसली की फेकायची.

वही लागतेच. एक पान असं दिसतं. सकाळी ६: स्वतः १५०, नळीने २५०. सकाळी १०: स्वतः १२०, नळीने १८०. दुपारी २: २०० आणि १४०. म्हणजे सकाळी पिशवीत एकूण ४०० होतं. दर वेळी दोन्ही मिळून ४०० च्या आत राहावं अशा बेताने वेळा ठरवायच्या, ५०० तर ओलांडू नयेच. सुरुवातीला दिवसातून ४–६ वेळा नळी. उरलेली सतत २०० च्या खाली येऊ लागली की दोनदा, १५० च्या खाली की रात्री झोपताना एकदा, आठवडाभर १०० च्या आत राहिली की डॉक्टरांना वही दाखवून बंद. नळी सुटली तरी घड्याळ सुटत नाही: ३ तासांनी जायचं, आणि उठून दोन मिनिटं फिरून पुन्हा बसायचं. पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, सारखं वाटून. संध्याकाळी सातनंतर घोट घोट.

वाचणारी एखादी म्हणेल, माझी तर तुंबत नाही, उलट गळते. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. खोकताना, कळशी उचलताना एखादा फवारा येतो, ते एक गळणं. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या आतल्या दारालाही नसा लागतात, त्या कमी पडल्यामुळे. पण भरून ओसंडलेला माठ जसा पाझरतो, तसंही गळतं, आणि ती बाई ओली असूनही तिची पिशवी तुडुंब भरलेली असते. गळतंय म्हणून कुणी ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिनसारखी पिशवी सैल करणारी गोळी दिली, तर तुंबणं वाढतं. म्हणून गळण्यावर कोणतंही औषध सुरू करण्याआधी मागे किती उरते ते एकदा मोजून घ्यावं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलीन हेही त्याच जातीचं काम करतात, आणि ही औषधं गल्लीतल्या मेडिकलमधून सहज हातात पडतात. खोकताना गळण्यासाठी तळाचे व्यायाम आहेत: वारा अडवतो तसं आत-वर ओढून ५–१० सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं, ८–१० वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. लघवीची धार मध्येच तोडून हा व्यायाम करू नये, आणि मागे भरपूर उरत असेल तर आधी सोडायला शिकावं, आवळणं नंतर.

तिसरं गळणं वेगळं. रात्रंदिवस, झोपेतसुद्धा, योनीतून सतत पाझर, कपडे कायम ओले. ऑपरेशननंतर साधारण पहिल्या काही आठवड्यांत असं सुरू झालं तर पिशवीला किंवा किडनीकडून येणाऱ्या नळीला भोक पडलेलं असू शकतं. पिशवीत निळं औषध सोडतात आणि योनीत कापसाचे तीन बोळे ठेवतात: बोळा निळा झाला तर भोक पिशवीला, नुसताच ओला झाला तर वरच्या नळीला. हे व्यायामाने बरं होत नाही, आणि लाजून घरी बसण्याने तर नाहीच. थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, हेही त्याच दिवशी दवाखाना गाठायचं कारण. नुसता वास आला किंवा तपासणीत जंतू दिसले, पण त्रास काही नाही, तर प्रतिजैविकांची घाई नको. नळी वापरणाऱ्या बाईच्या लघवीत जंतू सापडणारच. ज्यांना वर रेडिएशन मिळालं आहे त्यांची पिशवी पुढे काही वर्षांनी लहान आणि नाजूक होऊ शकते. लघवीत रक्त दिसलं तर ते कितीही वर्षांनी असो, दाखवायचं.

बद्धकोष्ठाचाही याच्याशी संबंध आहे. आतड्याच्या शेवटच्या टप्प्याच्या नसा शेजारूनच जातात. भरलेलं आतडं पिशवीला मागून रेटतं, तिचं तोंड वाकडं करतं. रात्री इसबगोल घेतला आणि सकाळी पोट साफ झालं, की लघवीची उरलेली मात्रा कमी झाल्याचं वहीत दिसतं.

आणि सोनोग्राफी सेंटर. तिथे दारातच सांगतात, ‘लिटरभर पाणी प्या, जोरात लागली की सांगा.’ सगळ्या बायका एक-दीड तासात सांगतात. ही मात्र बाकावर बसून राहते, तिचा नंबर मागे जातो, पिशवी ७००–८०० पर्यंत ताणली जाते आणि तिला गैरसोय काहीच नसते. मग घाईत करून येते, परत रांगेत वीस-पंचवीस मिनिटं बसते, तेवढ्यात नवीन लघवी जमते, आणि ती ‘उरलेली’ म्हणून रिपोर्टवर छापली जाते. त्या एका आकड्यावरून पुन्हा नळी पडू शकते. म्हणून काउंटरवरच सांगावं: ‘कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालंय, मला लागल्याचं कळत नाही. दोन ग्लास पाणी पिऊन तासाभराने बघा, आणि झाल्यावर लगेच परत आत घ्या.’ ओशाळं वाटेल, पण एवढ्या दोन वाक्यांनी पुढचे काही आठवडे वाचतात.

वहीत आकड्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: ‘लागली का?’ सुरुवातीला तिथे नुसत्या फुल्या भरतात. परतणारं लागणं पहिल्यासारखं नसतं. ओटीपोटाच्या हाडावर जडपणा, कपड्याची नाडी एकदम घट्ट वाटणं, अंगावर बारीक काटा, कपाळावर घाम, कुणाला मळमळ. ही खूण ज्या दिवशी जाणवेल त्या दिवशी लगेच जाऊन मोजावं. आकडा कधी १८० येतो, कधी ५२०. म्हणजे खूण अजून कच्ची आहे, घड्याळच धरायचं. आठवडेच्या आठवडे असं चालतं. मग ‘थोडी’ असं लिहिलेल्या ओळींसमोर २८०, ३२०, २९०, ३५० असे एका घरातले आकडे यायला लागतात. तसे दोन आठवडे आले की रात्री तीनचा गजर काढून बघता येतो, आणि पहिल्या सकाळी तेवढं भांडं न विसरता मोजायचं.